आधी तुकडा, मग अख्खं गाणं: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं प्रकरण

१९७५च्या ऑक्टोबरातली गोष्ट. एका सोमवारी लंडनच्या रेकॉर्डच्या दुकानांत गिऱ्हाइकं एक गाणं मागायला आली. दुकानदारांकडे ते नव्हतं, असणार कुठून? ते अजून बाजारात आलंच नव्हतं. आदल्या शनिवार-रविवारी मात्र ते कॅपिटल रेडिओवर वाजलं होतं, आणि तेही दोन दिवसांत चौदा वेळा, असं त्याचे निर्माते रॉय थॉमस बेकर नंतर अनेक वर्षं सांगत आले. गाणं होतं क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद.

या गाण्याची थोरवी सांगणारं लेखन भरपूर झालं आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला ते प्रसिद्धीच्या बाजूने पाहायचं आहे. ज्याला ध्रुवपद नाही, जे मधेच ऑपेरात शिरतं आणि बाहेर पडून आरडाओरडा करतं, असं सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर गेलं कसं? पुढची चाळीसेक वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी ते पुन्हा पुन्हा कसं वापरलं? मला यात एकच धागा दिसतो. जवळजवळ प्रत्येक वेळी लोकांपुढे तुकडा ठेवला गेला आणि विकलं गेलं ते अख्खं गाणं. हे जमलं याचं श्रेय मी प्रसिद्धी करणाऱ्यांच्या डोक्यापेक्षा गाण्याच्या घडणीला जास्त देतो.

हात दगडाखाली असताना

क्वीन तेव्हा नवखा बँड नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १९७४च्या अखेरीस 'किलर क्वीन' हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. तरी चौघांच्या हातात आठवड्याला जेमतेम ६० पौंड पडत. जुन्या व्यवस्थापन कंपनीशी केलेला करार त्यांच्या गळ्याशी आला होता. १९७५च्या ऑगस्टमध्ये त्यातून सुटका झाली, पण त्यासाठी १ लाख पौंड आणि पुढच्या सहा अल्बमांच्या रॉयल्टीतला १ टक्का देण्याचं कबूल करावं लागलं. नवे व्यवस्थापक आले जॉन रीड, जे एल्टन जॉनचंही काम बघत. त्यांनी चौघांना सांगितलं ते थोडक्यात असं: पैशाचं मी पाहतो, तुम्ही अल्बम करा.

म्हणजे डोक्यावर देणं आणि समोर एकच अल्बम. अशा वेळी शहाणा माणूस 'किलर क्वीन'सारखं आणखी एक तीन मिनिटांचं गाणं देईल. यांनी वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफिल्ड स्टुडिओत २४ ऑगस्टला ज्या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू केलं, त्याला आपसात 'फ्रेडचं ते' असं म्हटलं जायचं. कारण ते पूर्ण कसं होणार हे फक्त गायक फ्रेडी मर्क्युरीच्या डोक्यात होतं. बेकर सांगत की फ्रेडीने त्यांना घरी पियानोवर सुरुवात वाजवून दाखवली, मधेच थांबला, इथे ऑपेरा येणार असं म्हणाला आणि सगळे जेवायला निघून गेले. गिटारवादक ब्रायन मेच्या आठवणीत फ्रेडी वडिलांच्या कचेरीतल्या कागदांवर स्वर लिहून आणायचा.

ऑपेराच्या भागात जो प्रचंड वृंद ऐकू येतो तो तिघांचाच आहे: मर्क्युरी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर. चौथा, बासवादक जॉन डीकन, गायला नाही. २४ ट्रॅकच्या टेपवर आवाजावर आवाज चढवायचे, मग ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे, की पुन्हा जागा मोकळी. रोज दहा-बारा तास हेच चालायचं. यंत्राच्या हेडवरून इतक्या वेळा फिरल्यामुळे टेपवरचा लेप झिजला आणि ती उजेडात धरली तर आरपार दिसू लागलं, ही गोष्ट बँडने आणि बेकर यांनी अनेकदा सांगितली आहे. काम एका स्टुडिओत मावलं नाही, आणखी चार-पाच स्टुडिओ पालथे घातले गेले.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आठ वर्षांचा असताना त्याला शिकायला पाचगणीला पाठवलं. वाईवरून पसरणीचा घाट चढून गेल्यावर जी शाळांची रांग लागते, तिच्यातलीच सेंट पीटर्स. पियानोचं रीतसर शिक्षण तिथेच झालं आणि 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही तिथल्या पाच पोरांनीच काढला. त्यात हा पियानोवर. त्यामुळे हे प्रकरण लंडनचं असलं तरी त्यातल्या बोटांना वळण सातारा जिल्ह्यात लागलं आहे. गाण्यात 'बिस्मिल्ला' येतं, गॅलिलिओ येतो, फिगारो येतो. त्यांचा अर्थ त्याने शेवटपर्यंत सांगितला नाही आणि आपणही तो त्याच्या तोंडी घालू नये.

तीन मिनिटांचा नियम कुठून आला

गाणं सिंगल म्हणून, म्हणजे त्याची वेगळी छोटी तबकडी म्हणून, काढायचं ठरलं तेव्हा ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीत अडचण उभी राहिली ती लांबीची. रेडिओ हे वाजवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रीड यांनी ते एल्टन जॉनला ऐकवलं तर त्यानेही वेड लागलंय का असा प्रश्न केला. कंपनीला यात खलनायक ठरवणं सोपं आहे. २०१८च्या चित्रपटाने तेच केलं आणि त्यासाठी रे फॉस्टर नावाचा एक अधिकारी कल्पनेतून उभा केला. पण कंपनीची शंका अडाणी नव्हती.

तीन-साडेतीन मिनिटांचं माप जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीने घालून दिलं होतं. तिच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तास-तासभर चालणारा ख्याल आपल्या आजोबांच्या पिढीने त्या मापात ऐकला. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीसुद्धा साडेतीन मिनिटांच्या आसपासचीच आहे. पुढे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली, जागा वाढली, पण माप तसंच राहिलं, कारण तोवर ते रेडिओच्या अंगवळणी पडलं होतं. सहा मिनिटांचं एक गाणं लावायचं म्हणजे दोन गाण्यांची जागा द्यायची. शिवाय सात इंचाच्या तबकडीवर जास्त वेळ बसवायचा तर चर बारीक कोरावे लागतात आणि आवाज दबतो. शेजारच्या तीन मिनिटांच्या दणदणीत गाण्यापुढे आपलं गाणं फिकं वाजण्याची भीती असते.

लांब गाणी आधी चालली नव्हती असंही नाही. १९६८ साली सात मिनिटांच्या वरची दोन गाणी गाजली होती. त्यातलं एक बीटल्सचं होतं, आणि बीटल्सला नाही म्हणणारा रेडिओ तेव्हा जगात नव्हता. क्वीनची पत अजून तेवढी नव्हती.

मग गाणं कापायचं का? बँडने नाही म्हटलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. त्याला लोक कलावंताचा हट्ट म्हणतात. मला त्यात व्यवहारही दिसतो. या गाण्यात एकच ओळ फिरून फिरून येत नाही, त्यामुळे दोन कडवी गाळून ते छोटं करता येत नाही. शांत पियानोचा भाग, गिटारचा एकल तुकडा, ऑपेरा, मग रॉकचा भडका आणि शेवटी पुन्हा शांतता. यातला कुठलाही भाग काढला तर उरतं ते वेगळंच आणि साधं गाणं. कापलेला माल विकायला काढला असता तर विकायला काही उरलंच नसतं.

कॅपिटल रेडिओवरचे ते दोन दिवस

कॅपिटल रेडिओ तेव्हा फक्त दोन वर्षांचा होता. ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. जाहिरातींवर चालणारी कायदेशीर स्थानिक केंद्रं १९७३च्या ऑक्टोबरात सुरू झाली, त्यांपैकी हे लंडनचं दुसरं. केनी एव्हरेट तिथला डीजे. एका मंत्र्याच्या पत्नीबद्दल हवेत केलेल्या विनोदापायी बीबीसीने त्याला १९७० साली काढून टाकलं होतं. मर्क्युरीचा तो मित्र. स्टुडिओत टेपचे तुकडे जोडून, स्वतःच्याच आवाजाचे थर चढवून कार्यक्रम करण्याची त्याला भारी हौस होती. म्हणजे या गाण्यात किती मेहनत गेली आहे हे ब्रिटनमधल्या कुठल्याही डीजेपेक्षा त्याला आधी कळणार होतं.

गाण्याची प्रत त्याला मिळाली ती वाजवू नकोस असं बजावूनच, असं बेकर सांगत. देणाऱ्यांनाही तो वाजवणार हे माहीत असावं, असं त्यांच्या सांगण्याच्या सुरावरून वाटतं. एव्हरेटने आधी एक तुकडा वाजवला, मग थांबला. थोड्या वेळाने दुसरा तुकडा. फोन यायला लागले. मग कधीतरी पूर्ण गाणं, आणि पुढे दोन दिवस पुन्हा पुन्हा.

इथे माझं मूळ म्हणणं येतं. साध्या गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा ऐकवला की ऐकणाऱ्याला उरलेल्या गाण्याची कल्पना येते. ओळ कळली, चाल कळली, संपलं. या गाण्याचा कुठलाही तुकडा उरलेल्या गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. 'गॅलिलिओ'च्या आरोळ्या ऐकलेल्याला आईला उद्देशून म्हटलेली ती शांत सुरुवात माहीत नसते, आणि ती सुरुवात ऐकलेल्याला आरोळ्यांचा पत्ता नसतो. हे दोन्ही एकाच गाण्यातलं आहे म्हटल्यावर पूर्ण ऐकल्याशिवाय चैन कसं पडणार? कंपनीला जी घडण रेडिओसाठी अडचणीची वाटत होती, तीच रेडिओवर झलक दाखवायला सगळ्यांत सोयीची ठरली.

अमेरिकेतही असंच झालं. पॉल ड्रू हे तिथल्या आरकेओच्या रेडिओ केंद्रांचे प्रमुख. ते त्या वेळी लंडनमध्ये होते, गाणं ऐकून त्यांनी टेप मिळवली आणि परत जाऊन ते वाजवायला लावलं. बँडची तिथली रेकॉर्ड कंपनी इलेक्ट्राही मग मागे राहू शकली नाही.

आकडे काय सांगतात

३१ ऑक्टोबरला सिंगल आलं. ब्रिटिश चार्टवर त्याची वाट अशी: ८ नोव्हेंबरला संपणाऱ्या आठवड्यात ४७, मग १७, मग ९, आणि २९ नोव्हेंबरला १.

हा क्रम मी मुद्दाम लिहिला. या गाण्याच्या चित्रफितीने गाणं गाजवलं, असं सर्रास सांगितलं जातं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात ती फीत पहिल्यांदा दाखवली गेली २० नोव्हेंबरला, गुरुवारी. तोवर गाणं नवव्या क्रमांकावर आलेलंच होतं. ४७ ते ९ ही चढण रेडिओची, १४ नोव्हेंबरला लिव्हरपूलहून सुरू झालेल्या दौऱ्याची आणि तोंडी प्रसिद्धीची आहे. पहिल्या क्रमांकाला नेण्यात फितीचा हात असणार, पण तिचं खरं काम पुढे दिसतं. गाणं तिथे नऊ आठवडे बसलं. जानेवारीअखेर लाखोंनी प्रती खपल्या, दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला. शेवटी त्याला खाली उतरवलं ते आब्बा या स्वीडिश बँडच्या 'मम्मा मिया'ने, आणि हेच शब्द ऑपेराच्या भागात आधीपासून आहेत.

फितीमागचं कारण तर अगदीच व्यवहारी. 'टॉप ऑफ द पॉप्स'वर जाऊन ओठ हलवायचे असा रिवाज होता. तिघांचे दीडदोनशे थर लावलेले आवाज चौघांनी उभं राहून ओठांनी 'गायले' असते तर हसू झालं असतं. दौराही चालू होता. म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्रीच्या स्टुडिओत, दौऱ्याची तालीम जिथे चालली होती तिथेच, ब्रूस गॉवर्स यांनी चारेक तासांत फीत उरकली. खर्च साडेचार हजार पौंडांच्या घरात सांगितला जातो. अल्बमवर जी रक्कम ओतली गेली तिच्यापुढे हा किरकोळच.

कमी पैशांत त्यांनी जे केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. काळ्या पार्श्वभूमीवर वरून उजेड सोडलेले चार चेहरे हे त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं मिक रॉक यांनी काढलेलं मुखपृष्ठ होतं. म्हणजे चाहत्याच्या घरात असलेलं चित्रच हलू लागलं. एकाच चेहऱ्याची दूरवर जाणारी रांग दिसते, तिथे कॅमेरा पडद्याकडेच रोखून प्रतिमेत प्रतिमा उमटवली आहे. जिथे बँड खरोखर वाजवू शकतो तिथे तो वाजवताना दिसतो, जिथे वाजवणं अशक्य तिथे फक्त चेहरे आहेत. ही विभागणी पुढे मंचावरही राहिली. मैफलीत ऑपेराचा भाग आला की टेप लागायची, चौघे आत जायचे आणि रॉकच्या पहिल्या ठोक्याला परत यायचे. गाता येत नाही ते गाण्याचा आव त्यांनी आणला नाही, याचं मला कौतुक वाटतं.

दौरा, फीत, नोव्हेंबरातच आलेला अल्बम, आणि २४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधून बीबीसीने थेट दाखवलेली मैफल. आठ आठवड्यांत हे सगळं एकामागून एक पडलं. अल्बमही वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकावर गेला.

एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. अक्षरशः बाजू, तबकडीची दुसरी. तिच्यावर रॉजर टेलरचं मोटारीच्या प्रेमातलं गाणं होतं. तबकडी खपली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना रॉयल्टी सारखीच मिळते, मग लोकांनी दुसरी बाजू कधी लावली असो वा नसो. लाखो प्रती खपल्या त्या मर्क्युरीच्या गाण्यासाठी, पण टेलरलाही तेवढेच पैसे मिळाले. बँडमध्ये यावरून बरीच वर्षं धुसफूस राहिली. १९८९पासून त्यांनी गाणं कुणाचंही असो, नाव चौघांचं, असा रिवाज सुरू केला. सिंगल निवडताना कुणाचं गाणं चांगलं आणि कुणाचं पोट भरणार हे दोन प्रश्न एकमेकांत अडकत असतील, तर निवड निकोप राहत नाही. ही गोष्ट चौघांनाही ठाऊक होती आणि सुधारायला चौदा वर्षं लागली.

गाणं दुसऱ्यांच्या हाती

१३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, दुष्काळग्रस्तांसाठीच्या लाइव्ह एड या मैफलीच्या मंचावर, क्वीनने सुरुवात याच गाण्याने केली आणि ऑपेरा येण्याआधीच ते सोडून दिलं. पियानोचा भाग, गिटार, की थेट पुढचं गाणं. वेळ विशेक मिनिटांचा, जग बघतंय. सगळ्यांना पूर्ण माहीत असलेल्या गाण्याचा तुकडा देऊन त्यांनी काम भागवलं. दहा वर्षांपूर्वी तुकडा उत्सुकतेसाठी होता, आता ओळखीसाठी.

२४ नोव्हेंबर १९९१ला मर्क्युरी एड्सने गेला. एड्स झाल्याचं त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. डिसेंबरात गाणं पुन्हा निघालं, जोडीला त्याच्या अखेरच्या दिवसांतलं एक गाणं. पाच आठवडे पहिला क्रमांक. एकाच ध्वनिमुद्रणाने दोनदा नाताळचा पहिला क्रमांक मिळवल्याची ही गोष्ट. त्यातून आलेले १० लाखांहून अधिक पौंड टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. प्रसिद्धीचा उपयोग म्हणून मी या प्रकरणात यालाच सर्वांत वरचं स्थान देईन. त्या काळी या आजाराचं नाव घ्यायलाही लोक कचरत होते, आणि घराघरांत वाजणारी नाताळची तबकडी त्याच्यासाठी पैसे उभे करत होती.

लगेच १९९२च्या फेब्रुवारीत अमेरिकेत 'वेन्स वर्ल्ड' हा विनोदी चित्रपट लागला. खच्चून भरलेल्या एका लहान मोटारीत मित्र हे गाणं लावतात आणि रॉकचा भाग आला की माना झटकू लागतात. निर्मात्यांना तिथे दुसऱ्या एका बँडचं ताजं गाणं हवं होतं, मुख्य अभिनेता माइक मायर्स याच गाण्यावर अडून बसला. प्रसंगाची फीत मर्क्युरीला त्याच्या मृत्यूआधी दाखवली आणि त्याला ती आवडली, असं ब्रायन मे सांगतो. १९७६ साली अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं या वेळी दुसऱ्यावर गेलं. तोवर अमेरिकेत क्वीनचं नाव मागे पडलं होतं, एका पिढीला ते माहीतही नव्हतं. त्या पिढीला गाण्याची ओळख मधूनच झाली, ऑपेरापासून पुढे. सुरुवात त्यांनी नंतर तबकडी आणून ऐकली.

२०१८ साली बँडच्याच कथेवर, गाण्याचंच नाव घेऊन चित्रपट आला. डिसेंबरात हे विसाव्या शतकातलं सर्वाधिक स्ट्रीम झालेलं गाणं ठरल्याचं युनिव्हर्सल या संगीत कंपनीने जाहीर केलं. त्या चित्रपटातला तो काल्पनिक अधिकारी म्हणतो की मोटारीत माना झटकायला पोरांना हे गाणं चालायचं नाही. ती भूमिका माइक मायर्सनेच केली आहे.

२०१९च्या जुलैत एल्स्ट्रीला चार तासांत उरकलेली ती फीत यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहून झाली. १९९०पूर्वीच्या दुसऱ्या कुठल्याही गाण्याच्या फितीने तोवर हा आकडा गाठला नव्हता. गाणं त्यात पूर्ण आहे, एकही सेकंद कापलेला नाही.